ऋणनिर्देशाचं पान

"या पुस्तकासाठी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत करणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात व्यक्तींचे मनःपूर्वक आभार."

हे वाक्य आपण सगळ्यांनी शेकडो वेळा वाचलेलं असतं. कार्यक्रमांमध्ये ऐकलेलंही असतं. आभारप्रदर्शनाला कुणीतरी उभं राहतं, हे वाक्य सुरू होतं आणि लोक खुर्चीखाली पायाने चपला चाचपायला लागतात, कारण आता चहा. मला या वाक्याचा राग येतो असं म्हटलं तर जरा जास्तच होईल. पण ते मला पटत नाही हे नक्की. ज्यात कुणाचं नाव नाही, कुणी काय केलं त्याचा पत्ता नाही, ते आभार पोचतात तरी कुणाला?

आता हे सगळं मध्येच कुठून आलं? तर मंडळी, माझं कॉमिक छापायला निघालंय! (हो, खरंच.) चोवीस पानांचं, काळं-पांढरं, दोनशे प्रती, पदरच्या खर्चाने. गेली चार वर्षं ऑफिस सांभाळून, रविवार-रविवार करत मी चित्रकथा कशी करतात ते शिकतेय, हे घरच्यांना माहीतच आहे. त्यांनी त्या रविवारांची किंमत मोजलीय. तर मुखपृष्ठ झालं, आतली पानं झाली, आणि शेवटी अर्धं पान उरलं ते ऋणनिर्देशाचं. छापखान्यातले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, त्याचा मजकूर आमच्याकडे तयार असतो. तुम्ही फक्त खाली नाव द्या."

तो तयार मजकूर कोणता, ते वर दिलंच आहे.

त्या अर्ध्या पानाने मला जेवढा विचार करायला लावला तेवढा चोवीस पानांनी नाही लावला. आणि त्यातून माझं एक मत तयार झालं, ते आधीच सांगून टाकते. शिकवणाऱ्याचे आभार मानायचे असतील तर नाव हवं, नेमकं काय शिकवलं ते हवं, आणि जमेल तेवढं ते कामाच्या आतच दिसायला हवं. त्यापेक्षा कमी म्हणजे शिष्टाचार. शिष्टाचार वाईट नसतो, पण त्याने ऋण फिटत नाही. खरं तर ते ऋण कसलं होतं हेसुद्धा त्यातून कळत नाही.

चित्रकथेच्या बाबतीत हे जास्तच लागू पडतं, कारण ही कला एक नाहीच. कथा रचायची, ती पानांत बसवायची, पानाच्या चौकटी पाडायच्या, पेन्सिलीने चित्रं काढायची, त्यावर शाई फिरवायची, संवाद लिहायचे आणि ते फुग्यात मावतील असे अक्षरात उतरवायचे. मोठ्या कंपन्यांमध्ये याची वेगवेगळी माणसं असतात. एक लिहितो, एक पेन्सिल करतो, एक शाई करतो, एक फक्त अक्षरं करतो. आपल्यासारख्या एकट्याने करायचं म्हणजे या प्रत्येकाचं काम कुणाकडून तरी शिकायलाच लागतं. आणि ती माणसं एका ठिकाणी भेटत नाहीत.

मला भेटली ती अशी.

आमच्या डोंबिवलीत एक पेंटरकाका आहेत. सत्तरी ओलांडलीय. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, गाड्यांचे नंबर रंगवले, मंडळांचे फलक रंगवले. मग फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत काम बंद पडलं. माझ्या कॉमिकच्या फुग्यांतली अक्षरं मला हाताने लिहायची होती (कॉम्प्युटरचे फॉन्ट सुरेख असतात, पण सगळी माणसं एकाच आवाजात बोलल्यासारखी वाटतात), म्हणून मी त्यांच्याकडे गेले. चौदा रविवार गेले. त्यांनी मला आधी खडू लावलेला दोरा ताणून, टिचकी मारून फळीवर सरळ रेघ उठवायला लावली. कागदावर नव्हे, फळीवर. मग म्हणाले, "आता या रेघेला अक्षरं टांगायची."

अक्षरं टांगायची! शाळेत आपण खालच्या ओळीवर अक्षर "बसवायला" शिकतो. हे गृहस्थ शिरोरेघेला अक्षर टांगत होते. आणि तेच बरोबर आहे. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळी अक्षरं कॅपिटल असतात, एका उंचीची, त्यामुळे ओळीला ओळ खेटून चालते. आपल्याकडे डोक्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. पायाशी उकार आणि ऋकार. वरच्या ओळीतला "कू" आणि खालच्या ओळीतला "र्की" एकमेकांच्या अंगावर येतात. म्हणजे त्याच मापाच्या फुग्यात मराठी ओळी कमी बसतात. मग अक्षर बारीक करायचं का? काका म्हणाले, "फळीवर जागा नसेल तर आपण अक्षर बारीक करत नाही. शब्द कमी करतो. गिऱ्हाईकाला समजावायचं."

हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. माझ्या कथेत एक बाई घर सोडून निघते. "मला आता या घरात एक क्षणही थांबायचं नाहीये" असं ती म्हणत होती. आता ती म्हणते, "मी निघते." फुग्यात केवढी जागा राहिली म्हणून सांगू! आणि ती जागाच वाचणाऱ्याच्या अंगावर येते. संवादलेखनावरची पुस्तकं मी वाचली आहेत, पण हे मला पाट्या रंगवणाऱ्या माणसाने शिकवलं.

दुसरी गुरू माझी भाची. आत्येबहिणीची मुलगी, चित्रकलेचं शिक्षण घेतेय, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ती मला "मावशी" म्हणते आणि मी तिला "अगं" म्हणते. गुरूला "अगं" म्हणायची सोय आपल्या परंपरेत फारशी नाही, पण काय करणार! तिचा नियम एकच: "मावशी, आधी पोस्टाच्या तिकिटाएवढी काढ." म्हणजे अख्खं पान आधी तिकिटाएवढं काढायचं. त्याला थंबनेल म्हणतात. तेवढ्याशा जागेत नाक-डोळे काढताच येत नाहीत, त्यामुळे फक्त एवढंच दिसतं की कोण कुठे उभं आहे, काळं कुठे आहे, पांढरं कुठे आहे आणि नजर कुठून कुठे जातेय. तिकिटात जे कळत नाही ते मोठ्या पानावरही कळत नाही.

तिनेच मला पान उलटण्याचं गणितही शिकवलं. आपलं पुस्तक डावीकडून उजवीकडे उलगडतं. सम आकड्याचं पान डावीकडे, विषम उजवीकडे. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न ठेवायचा आणि पान उलटल्यावर डाव्या पानाच्या पहिल्या चौकटीत उत्तर. उत्तर उजव्या पानावर ठेवलं तर वाचणाऱ्याची नजर आधीच तिकडे पळते आणि रहस्य फुटतं. दाराबाहेर कोण उभं आहे, हे माझ्या कॉमिकमध्ये चौदाव्या पानावर कळतं. तेराव्या नाही, पंधराव्या नाही. ते श्रेय तिचं.

तिसरी गुरू आई. तिने आयुष्यात "चांदोबा" सोडला तर चित्रांचं काही वाचलेलं नाही. मी तिच्यासमोर पान ठेवते आणि गप्प बसते. ती बोट ठेवून वाचते. बोट जिथे थांबतं, मागे येतं, तिथे मी माझ्या वहीत फुली करते. "हा आधी बोलला का ती?" असं तिने विचारलं की समजायचं, जो आधी बोलतो तो डावीकडे आणि वर हवा. तिला मी काहीही समजावून सांगायचं नाही, हा आमचा करार. कारण दोनशे प्रती दोनशे घरांत जातील तेव्हा समजावून सांगायला मी तिथे नसणार.

आता सांगा, या तिघांना "प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष" या एका पिशवीत कसं भरायचं?

असा विचार करत असताना मला भागवतातला अवधूत आठवला. आपल्याकडे दत्ताचे चोवीस गुरू म्हणून ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. अकराव्या स्कंधात आहे, आणि नाथांनी त्याच स्कंधावर "एकनाथी भागवत" लिहिलं. यदुराजा विचारतो, तुम्ही एवढे निश्चिंत कसे? आणि अवधूत यादीच सांगायला लागतो. पृथ्वीकडून सहनशीलता. अजगराकडून मिळेल त्यात समाधान. बाण करणारा कारागीर कामात इतका गुंगला होता की शेजारून राजाची मिरवणूक गेली तरी त्याला पत्ता नाही; त्याच्याकडून एकाग्रता. आणि पतंगाकडून काय? ज्योतीवर झेपावून जळायचं नाही, हे. म्हणजे काय टाळायचं तेही तो शिकला, आणि तेही नाव घेऊन सांगितलं.

लहानपणी ही गोष्ट मला "सगळ्यांकडून शिकावं" अशा सुविचारासारखी वाटायची. आता वाटतं की तो एक उत्तम ऋणनिर्देश आहे. चोवीस नावं, आणि प्रत्येकापुढे एकेक नेमकी गोष्ट. "सर्व प्राणिमात्रांचे आभार" म्हणून तो मोकळा झाला नाही.

आणि नाथांचं स्वतःचं पाहा. अभंगाच्या शेवटी ते "एका जनार्दनी" अशी सही करतात. जनार्दनस्वामी हे त्यांचे गुरू. म्हणजे सहीतच गुरूचं नाव! कुणी तो अभंग म्हणायचा तर शिष्याबरोबर गुरूचंही नाव तोंडी येणारच, टाळताच येणार नाही. वेगळ्या पानाची गरज नाही, आभारप्रदर्शनाची गरज नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, कुठे नाथ आणि कुठे कॉमिक्स! पण थांबा. कॉमिक्सच्या जगात अगदी असंच करणारा एक माणूस आहे.

डोनाल्ड डक आणि स्क्रूज काकांच्या ज्या गोष्टी जगभर वाचल्या गेल्या, त्यातल्या उत्तमोत्तम लिहिणारा आणि काढणारा माणूस म्हणजे कार्ल बार्क्स. १९४२ पासून १९६६ पर्यंत त्याने हे काम केलं. स्क्रूज हे पात्रही त्याचंच, १९४७ सालचं. पण त्या अंकांवर नाव असायचं फक्त वॉल्ट डिस्ने. पोरांना काही चित्रं इतरांपेक्षा सरस आहेत एवढं कळायचं, म्हणून ती त्याला "चांगला बदकवाला" म्हणायची. त्याचं नाव वाचकांना कळायला १९६० उजाडलं.

त्याच गोष्टी वाचत लहानाचा मोठा झालेला डॉन रोझा घरचा बांधकामाचा धंदा करत होता. १९८७ मध्ये तो स्वतः बदकांच्या गोष्टी काढायला लागला, आणि त्याने पहिल्या चौकटीत डी.यू.सी.के. अशी चार अक्षरं घालायला सुरुवात केली. वर वर पाहता "डक". खरा अर्थ: "केनोकडून कार्लकाकांना अर्पण". केनो हे रोझाचं पाळण्यातलं नाव. प्रकाशकाला वाटलं ही चित्रकाराची सही आहे, आणि सही करायला तर बंदी! म्हणून ती काढून टाकली. मग रोझाने ती अक्षरं लपवायला सुरुवात केली. गवताच्या पात्यांत, भिंतीच्या भेगांत, पडद्याच्या चुण्यांत. वाचक भिंग घेऊन शोधायचे. स्वतःची सही करायची परवानगी नसताना गुरूचं नाव चित्रात लपवून पोचवायचं! मला तर हे सरळ "एका जनार्दनी"च वाटतं.

आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. बार्क्सने आपल्या गोष्टींत स्क्रूजच्या तरुणपणाबद्दल जी काही तुटक वाक्यं इथे-तिथे टाकली होती, ती सगळी टिपून, जुळवून रोझाने १९९२ ते १९९४ मध्ये स्क्रूजचं बारा प्रकरणांचं चरित्र केलं. गुरूचं एकेक वाक्य इतक्या काळजीने वाचणं, याच्यापुढे हारतुरे काय करणार?

नावं गाळण्याच्या गोष्टी मात्र या धंद्यात पुष्कळ आहेत. बॅटमॅन १९३९ मध्ये आला तो बॉब केन या एकाच सहीनिशी. त्याचा पेहराव, त्याची गोष्ट, त्याचं शहर यात मोठा वाटा होता बिल फिंगर या लेखकाचा. फिंगर १९७४ मध्ये गेला. त्याचं नाव अधिकृतपणे सोबत लागायला २०१५ साल यावं लागलं. एकेचाळीस वर्षं उशिरा.

त्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. जूल्स फायफर सतरा वर्षांचा असताना, १९४६ मध्ये, विल आइस्नरच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत पडेल ते काम करायला लागला. चित्रकलेत तो काही फार चमकत नव्हता, पण आइस्नरला त्याचं लिहिणं आवडलं आणि "द स्पिरिट" या मालिकेच्या गोष्टी त्याच्याकडे आल्या. पुढे पोराने पगारवाढ मागितली. आइस्नरने पगाराऐवजी मालिकेचं शेवटचं पान दिलं: घे, यावर तुझी स्वतःची चित्रमालिका कर. (यात आइस्नरचे पैसे वाचले हेही खरं! गुरू म्हणजे काही संत नसतो.) "द स्पिरिट" १९५२ मध्ये बंद पडली आणि लोक आइस्नरला विसरत चालले. १९६५ मध्ये फायफरने जुन्या कॉमिक्सवर पुस्तक लिहिलं, त्यात आइस्नरबद्दल भरभरून लिहिलं आणि स्पिरिटची एक गोष्टही छापली. नव्या पिढीला हे नाव त्यातून पुन्हा सापडलं. पुढे १९७८ मध्ये आइस्नरचं "अ काँट्रॅक्ट विथ गॉड" आलं आणि १९८५ मध्ये चित्रकथा कशी रचावी यावरचं त्याचं पुस्तक, जे आजही माझ्यासारखी माणसं उशाशी घेऊन झोपतात.

फायफरने हे आभार मानताना त्या मालिकेतलं नेमकं काय चांगलं होतं ते सांगितलं, म्हणून ते कामी आले. "ते थोर होते" एवढंच लिहिलं असतं तर कुणी ते पान उघडून बघितलं असतं का?

तिसरी गोष्ट टिनटिनची, कारण ती मला सगळ्यात जवळची. १९३४ मध्ये एर्जे टिनटिनला चीनला पाठवणार होता. चिनी लोकांबद्दल युरोपात तेव्हा ज्या ठोकळेबाज कल्पना होत्या, त्याच त्याच्याही डोक्यात होत्या. एका पाद्र्याने त्याची गाठ चांग चोंगरेन या शिल्पकलेच्या विद्यार्थ्याशी घालून दिली. दोघेही जवळपास एकाच वयाचे. चांगने त्याला चिनी कुंचला धरायला शिकवलं, चीनमध्ये तेव्हा खरोखर काय चाललंय ते सांगितलं, आणि "ब्लू लोटस"च्या चित्रांत भिंतींवर जी चिनी अक्षरं दिसतात तीही चांगच्या मार्गदर्शनाखाली आली. एर्जेने काय केलं? गोष्टीतच चांग नावाचा मुलगा आणला. टिनटिन त्याला पुरातून वाचवतो आणि दोघे एकमेकांच्या देशाबद्दलच्या खुळ्या समजुतींवर पोट धरून हसतात. पुढे खरा चांग मायदेशी गेला, युद्ध झालं, संपर्क तुटला. तर १९५८ मध्ये एर्जेने टिनटिनला दिल्ली, काठमांडू करत थेट तिबेटच्या बर्फात धाडलं. कशासाठी? हरवलेल्या चांगला शोधायला. खरे दोघे पुन्हा भेटले ते १९८१ मध्ये, ब्रुसेल्सला. दोन वर्षांनी एर्जे गेला.

आपल्या शिक्षकाला आपल्या गोष्टीत जागा द्यायची, आणि तो हरवला तर गोष्टीतच त्याला शोधायला निघायचं. अशा पुस्तकाला ऋणनिर्देशाचं वेगळं पान कशाला हवं?

आता एक आक्षेप. माझ्या एका मैत्रिणीने हे सगळं ऐकून विचारलं, "अगं, अक्षरं काकांची, पानं भाचीची, दुरुस्त्या आईच्या. मग तुझं काय राहिलं?" प्रश्न चेष्टेचा होता, पण त्यामागची भीती खरी आहे. बरीच माणसं नावं गाळतात ती दुष्टपणाने नव्हे, या भीतीने. वाटतं की वाटून दिलं तर आपल्याला कमी उरेल. मला तसं होताना दिसत नाही. "चिंटू" १९९१ पासून "सकाळ"मध्ये येऊ लागला तेव्हा त्यावर दोन नावं होती, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. आपण ती दोन नावं एका दमात म्हणायचो. त्यामुळे कुणाचा वाटा आपल्या मनात कमी झाला का?

आणि याची उलट बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. नेमके आभार मानले की माणूस मोकळाही राहतो. आपल्याकडे गुरू म्हटलं की संपूर्ण शरणागती, गुरूने मागितला तर अंगठाही द्यायचा, असं काहीतरी डोक्यात बसलेलं असतं. माझी कथा १९८२ च्या गिरणी संपातल्या एका कुटुंबाची आहे. पेंटरकाकांनी पानं पाहिली आणि म्हणाले, "शेवट गोड करा. वाचणाऱ्याने हसत पुस्तक मिटलं पाहिजे." मी नाही ऐकलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. मी कुठून गोड शेवट आणू? काका जरा खट्टू झाले. पण मी त्यांच्याकडे अक्षर शिकायला गेले होते, आणि अक्षराच्या बाबतीत त्यांचा शब्द माझ्यासाठी शेवटचा. शेवट कसा करायचा हे मी त्यांच्याकडून शिकलेले नाही. कुणाचं काय देणं लागतो हे स्वच्छ ठाऊक असलं की जे देणं लागत नाही तिथे नम्रपणे "नाही" म्हणता येतं. "सगळं तुमच्यामुळेच" असं एकदा म्हणून बसलं की मग हे "नाही" जड जातं.

राहिला प्रश्न पैशाचा. कृतज्ञतेवर लिहिताना पैशाचं नाव काढू नये असा संकेत आहे. मला तो मान्य नाही. ज्यांचं पोट त्या हातावर आहे त्यांना नुसता नमस्कार पुरत नाही. चौदा रविवारांचे पैसे मी काकांपुढे ठेवले तर त्यांनी ते सरकवून परत केले. "शिकवायचे कसले पैसे? मला कुणी घेतले होते?" मग मी दुसरी वाट काढली. पुस्तकाचं शीर्षक त्यांनी लिहावं, आणि ते काम म्हणून, ठरलेल्या दराने. कामाचे पैसे त्यांनी मोजून घेतले. हात थरथरतो आता, पण कुंचला फळीला टेकला की थांबतो. कसा कोण जाणे.

"मला कुणी घेतले होते?" हे त्यांचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. जपानचा ओसामु तेझुका टोकियोतल्या तोकिवासो नावाच्या साध्याशा लाकडी इमारतीत एका खोलीत राहायचा. १९५४ मध्ये त्याने ती खोली सोडली, तेव्हा आपलं टेबल आणि खोलीची अनामत रक्कम त्याने तिथे राहायला येणाऱ्या दोन होतकरू पोरांसाठी मागे ठेवली. ही पोरं म्हणजे फुजिको फुजिओ ही जोडी. त्यातल्या एकाने पुढे डोरेमॉन काढला. ती इमारत १९८२ मध्ये पाडली आणि २०२० मध्ये तशीच्या तशी उभारून तिथे संग्रहालय केलं, पण मला त्या टेबलाचंच जास्त कौतुक वाटतं. काही ऋणं आलेल्या दिशेला परत जात नाहीत. ती पुढच्यासाठी टेबलावर ठेवायची असतात. शेजारचा सातवीतला मुलगा हल्ली रविवारी माझ्याकडे येतो. मी त्याला तिकिटाएवढी चित्रं काढायला लावते. आणि हे कुणी शिकवलं तेही सांगते.

तर शेवटी पान असं ठरलंय. पहिल्या आतल्या पानावर, माझ्या नावाखाली, त्याच मापाच्या अक्षरांत तीन ओळी. शीर्षकाची अक्षरं अमुक यांची. फुग्यांतली अक्षरं मी त्यांच्याकडून शिकले. पानांची मांडणी आणि चौदावं पान अमुक हिच्यामुळे. प्रत्येक पान आईने बोट ठेवून वाचलं आहे. "सर्व ज्ञात-अज्ञात" नाही.

इथे मी नावं लिहिलेली नाहीत हे तुमच्या लक्षात आलंच असेल. :) त्याला कारण आहे. नाव छापण्याआधी मी तिघांनाही विचारलं. आई म्हणाली, "माझं कशाला," म्हणजे हो. भाचीने आपल्या नावाचं स्पेलिंग मराठीत कसं हवं ते सांगितलं, वेलांटी पहिली का दुसरी यावर दहा मिनिटं घालवली. आणि काका म्हणाले, "पुस्तकात चालेल. त्या इंटरनेटवर नको." त्यांनी आयुष्यभर पाट्यांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. त्यातल्या दोनच पाट्या आता गावात उरल्यात, आणि त्यातल्या एकीवर फ्लेक्स ठोकलाय.

दोनशे प्रती म्हणजे काही फार नाहीत. पण पाट्या दोन होत्या.